मांजर जेवतंय म्हणजे त्याचे दात दुखत नाहीत, असं नसतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्या मनीचे १३व्या वर्षी एक सोडून सगळे दात काढावे लागले, आणि "इतकं होईपर्यंत आम्हाला कळलं कसं नाही" ही बोच मनात आहे. आता घरात साडेतीन महिन्यांचं देशी पिल्लू आहे, मादी, आणि कोणीतरी दिलेला चार वर्षांचा पर्शियन बोका. सासूबाई पिल्लाला दूध-पोळी भरवतात. कोरडं कॅट फूड दिलं की दात आपोआप साफ राहतात, असं दुकानदार म्हणाला. बोक्याचे दात भूल न देता घरी येऊन साफ करणारा एक माणसही मिळाला आहे. तर खरंच रोज ब्रश करायचा का, आणि या बाकीच्या गोष्टींचं काय?

रोज ब्रश करा. पण ब्रशने जे टळतं ते मांजराच्या तोंडातल्या दुखण्यांपैकी एकच. उरलेली टळत नाहीत, लवकर पकडावी लागतात. म्हणून मी ब्रशच्याही आधी एक गोष्ट शिकवते, ती म्हणजे मांजराने तोंडाला हात लावू देणं. मनीच्या बाबतीत तेवढंच राहून गेलं असावं. बोच ठेवू नका. २६ वर्षं दवाखाना चालवतेय, आणि "आमची मांजर तर नीट जेवते हो" असं म्हणत आत आलेल्या कितीतरी मांजरांच्या तोंडात मी सडलेल्या दाढा पाहिल्या आहेत. मांजर जिवावर आल्याशिवाय खाणं सोडत नाही. दुखऱ्या बाजूने चावायचं टाळतं, दुसऱ्या बाजूने खातं, नाहीतर न चावताच गिळतं. वाटी रिकामी झाली की आपण निश्चिंत.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे दात खराब झाला की "कीड लागली" म्हणतात. माणसाला लागते तशी कीड मांजराच्या दाताला जवळजवळ लागतच नाही. त्याच्या दाढांना आपल्यासारखे सपाट, खळगे असलेले माथे नसतात, त्या कात्रीच्या पात्यांसारख्या असतात. शिवाय गोडाशी त्याचं देणंघेणं नाही, त्याच्या जिभेला गोड चवच कळत नाही. मग मांजराच्या दाताला जे भोक दिसतं ते काय? त्याकडे येते.

सगळ्यात जास्त दिसतो तो हिरड्यांचा आजार. खाल्ल्यावर काही तासांतच दातावर जंतूंचा एक चिकट, रंगहीन थर बसायला लागतो. बोटाने पुसला तरी निघेल इतका तो मऊ असतो. दोन-तीन दिवस तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं पिवळं-तपकिरी किटण होतं. ते बोटानेही निघत नाही आणि ब्रशनेही नाही. वरच्या जबड्यात मागच्या मोठ्या दाढेवर ते सगळ्यात आधी चढतं, कारण लाळेच्या एका मोठ्या ग्रंथीची नळी तिथेच गालात उघडते. डोळ्यांना किटण दिसतं म्हणून आपण त्याच्या मागे लागतो. खरं नुकसान मात्र हिरडीच्या कडेखाली शिरलेले जंतू करतात. हिरडी लाल होते, सुजते, दातापासून सुटते, मग आतलं हाड झिजतं आणि दात हलायला लागतो. हिरडी नुसती लाल आहे तोवर सगळं मागे फिरवता येतं. हाड गेलं की ते परत येत नाही. रोजच्या ब्रशने टळतं ते एवढंच, पण हे एवढं पुष्कळ आहे.

दुसरं दुखणं म्हणजे दात आतून विरघळणं. शरीरातल्याच काही पेशी दात पोखरायला लागतात. का, ते अजून पक्कं सापडलेलं नाही, त्यामुळे टाळायचा उपायही नाही. मध्यम आणि उतारवयातल्या मांजरांत हे फार आढळतं. बहुतेक वेळा सुरुवात खालच्या जबड्यात, सुळ्यामागे थोडी मोकळी जागा सोडून जी पहिली दाढ येते, तिथून होते. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे एक लालभडक ठिपका दिसतो, जणू हिरडीच दातावर चढली आहे. लोक ज्याला कीड समजतात ते हेच.

माझ्याकडे गुंड्या नावाचा एक दहा वर्षांचा बोका यायचा. आणणाऱ्या काकांची तक्रार दातांची नव्हतीच. "म्हातारपणी चिडका झालाय. खायला ठेवलं की वाटीकडे पळत येतो, एक घास घेतो आणि वाटीवरच फिस्कारून पळून जातो. वाटी बदलून पाहिली, जागा बदलून पाहिली." मी ओठ वर केला. वरचे दात बरे होते, थोडं किटण. खाली डावीकडे त्या पहिल्या दाढेवर तांदळाच्या कणीएवढा लाल ठिपका. त्याला कापूस गुंडाळलेल्या काडीने जेमतेम स्पर्श केला आणि गुंड्याचा खालचा जबडा थंडीत दात वाजावेत तसा थरथरला. काकांचा चेहरा पडला. एक्स-रेमध्ये उजवीकडची तीच दाढही आतून गेलेली निघाली, वरून ती धड दिसत होती. दोन्ही दाढा काढल्या. पंधरा दिवसांनी टाके बघायला आले तेव्हा काका म्हणाले, "हा पडद्याला लोंबकळतोय हो, तीन वर्षांनी." म्हातारपण नव्हतं ते, दातदुखी होती.

अशा दातात सिमेंट भरून तो वाचवता येत नाही. पूर्वी प्रयत्न झाले, भरलेल्या सिमेंटखाली दात विरघळतच राहिला. तो काढावा लागतो. काही वेळा मूळ हाडात पुरतं मिसळून गेलेलं असतं, तेव्हा वरचा भाग कापून हिरडी शिवून टाकतात. यातलं काय करायचं ते एक्स-रेशिवाय ठरवता येत नाही.

तिसरं दुखणं कमी मांजरांना होतं, पण झालं तर हाल कुत्रा खात नाही. अख्ख्या तोंडाला, विशेषतः जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, कच्च्या मांसासारखी लाली येते. लाळ गळते, जांभई देताना मांजर किंचाळतं, अंग चाटणं सोडतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तोंडावर उलटते. बहुतेक मांजरांत कॅलिसी नावाच्या विषाणूचा यात हात दिसतो, आणि एकत्र खूप मांजरं असलेल्या घरांत हे जास्त होतं. दर महिन्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन दिवस काढणारे लोक भेटतात. त्यातून मांजराला मधुमेह होऊ शकतो आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. मागच्या सगळ्या दाढा, कधी सगळेच दात काढले की बहुतेकांना पुष्कळ आराम पडतो, काहींना त्यानंतरही औषध लागतं. तुमच्या वर्णनावरून मनीला हेच झालं असावं. तसं असेल तर ब्रश केला असता तरी ते थांबलं असतंच असं नाही. पिल्लाच्या बाबतीत आपल्या हातात आहे ती लस. तीन रोगांची जी एकत्र लस मिळते, जिला दवाखान्यात ट्रायकॅट म्हणतात, त्यात कॅलिसी येतो. लस दिली म्हणून संसर्ग होणारच नाही असं नाही, आजार सौम्य राहतो. बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर करून घ्या, म्हणजे बाहेरची मारामारी कमी होते. मांजरांचा एड्स म्हणतात तो विषाणू मुख्यतः चाव्यातून पसरतो आणि तोंडाची दुखणी वाढवतो. माणसांना तो होत नाही. बोक्याची या विषाणूची आणि मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूची तपासणी एकदा करा. दवाखान्यात थेंबभर रक्तावर होते.

आता घरी काय बघायचं ते. आठवड्यातून एकदा, मांजर पेंगत असताना, डोक्यावरून हात फिरवत अंगठ्याने गालाच्या बाजूचा ओठ वर सरकवा. तोंड उघडायचं नाही. दोन सेकंद पुरतात. दाताला लागून असलेली हिरडीची कड फिकट गुलाबी हवी. तिथे लाल रेघ दिसली तर सुरुवात झाली आहे. वास घ्या. मांजराच्या तोंडाला थोडा खाण्याचा वास असतो, कुजका वास नसतो. म्हाताऱ्या मांजराचा एक सुळा दुसऱ्यापेक्षा लांब दिसायला लागला तर तो वाढलेला नसतो, मुळाभोवतीच्या दुखण्यामुळे खाली सरकत असतो. आणि नारिंगी मांजरांच्या ओठांवर, हिरड्यांवर काळे ठिपके येतात ते बहुधा नुसत्या रंगाचे असतात, घाबरू नका. ठिपका उंच झाला किंवा पसरला तर मात्र दाखवा. बाकी मान तिरकी करून खाणं, घास तोंडातून पडणं, तोंडावर पंजा मारणं, पाठीवरचे केस न चाटल्यामुळे गुंतणं, या सगळ्याचा संशय दातांवर घ्यायचा.

पिल्लाचं वय साडेतीन महिने, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत. मांजराला दुधाचे दात २६ असतात, कायमचे ३०. साधारण साडेतीन ते सहा महिन्यांत अदलाबदल होते. पडलेले दात बहुतेक वेळा ते गिळून टाकतं, तुम्हाला सापडणारही नाहीत. या काळात हिरड्या हुळहुळत्या असतात, म्हणून आत्ता ब्रश घालू नका. नुसती सवय लावा. पहिला आठवडा मांजरांसाठी मिळणारी कोंबडीच्या चवीची पेस्ट बोटावर घ्यायची आणि चाटू द्यायची, बस्स. दुसऱ्या आठवड्यात चाटत असताना दुसऱ्या हाताने गाल कुरवाळायचा, ओठ जरासा उचलायचा आणि सोडायचा. तिसऱ्यात बोटाला ओलं गॉज गुंडाळून, त्यावर पेस्ट लावून, ओठाच्या आत एका दाढेवरून एकदाच फिरवायचं. ती मागे सरकली तर तुम्हीही हात मागे घ्यायचा. मानगूट धरून, टॉवेलात गुंडाळून एकदा जरी घासलंत तर पुढचे सहा महिने ती पेस्टची ट्यूब बघूनच कपाटाखाली जाईल. गॉज चालू लागलं की मग छोट्या डोक्याचा मऊ ब्रश. मांजरांचा मिळतो, नाही मिळाला तर तान्ह्या बाळाचा चालतो.

दातांची फक्त बाहेरची, गालाकडची बाजू घासायची. आतली बाजू तिची खरखरीत जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते, आणि आत ब्रश घालायला गेलात तर बोट जाईल. केस हिरडीच्या कडेवर तिरके टेकवून छोटे गोल फिरवायचे, दोन्ही बाजूंच्या वरच्या मागच्या दाढांवर जास्त. एका बाजूला पंधरा सेकंद. लगेच मागोमाग तिच्या आवडीचं काहीतरी, म्हणजे जेवणाआधीची वेळ उत्तम. रोज करा. एक दिवसाआड चालवून घेता येईल. आठवड्यातून एकदा करायचं असेल तर खरं सांगते, करू नका. मऊ थराचं किटण दोन-तीन दिवसांत होतं, तुमचा ब्रश रविवारी दगडावरून फिरेल.

तुमची टूथपेस्ट तिला लावायची नाही. ती फेसाळते, मांजर थुंकत नाही, गिळतं, आणि त्यातलं फ्लोराइड पोटात जातं. माणसांचा माउथवॉशही नको. घरगुती उपायांत मला सगळ्यात भीती वाटते ती लवंगेच्या तेलाची. आपल्या दाताला बरं वाटतं म्हणून लोक मायेने मांजराच्या हिरडीला लावतात. अशी तेलं मोडून बाहेर टाकायची यकृताची जी एक मोठी वाट आपल्याकडे असते, ती मांजरात फार अरुंद असते. लवंग, टी ट्री, निलगिरी, सगळी तेलं त्याला विषारी. त्याच कारणाने पॅरासिटामॉल. तापाच्या साध्या गोळीचा तुकडाही मांजराला मारू शकतो. हिरड्या गुलाबीच्या तपकिरी-निळसर होतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. दात दुखतोय असं वाटलं तर घरातली कुठलीही गोळी द्यायची नाही. तुरटी, मीठ, खायचा सोडा हेही नको, तोंड चुरचुरलं की तुमची सगळी सवय पाण्यात.

खाण्याकडे येते. दुकानदाराचं म्हणणं अर्धवट खरं आहे. साधा ड्राय फूडचा दाणा मांजराच्या दाढेचं टोक लागताच फुटतो, आणि घाण साचते ती हिरडीच्या कडेला. बरेच दाणे तर अख्खे गिळले जातात. त्याची उलटी झाली की बघा, दाणे जसेच्या तसे असतात. दातांसाठी खास बनवलेलं खाणं वेगळं असतं. त्याचा दाणा मोठा आणि तंतुमय, दात त्यात रुतल्याशिवाय फुटत नाही, आणि काहींत लाळेतलं कॅल्शियम धरून ठेवणारे क्षार असतात. अमेरिकेतली व्हेटरिनरी ओरल हेल्थ काउन्सिल ही संस्था १९९७ पासून अशा खाण्याचे आणि खाऊचे पुरावे तपासून शिक्का देते. पाकिटावर तो असेल तर पैसे घाला, नुसतं "डेंटल" लिहिलेलं असेल तर नाही. आणि मनीसारखं पाणी कमी पिणारं मांजर असेल तर दातांच्या नावाखाली वेट फूड बंद करू नका. मूत्रपिंडालाही त्याचं पाणी हवं असतं. वेट फूड आणि ब्रश, हे ड्राय फूड आणि ब्रश नाही यापेक्षा कधीही बरं.

दूध-पोळीने दात खराब होतील म्हणून नव्हे, तर पिल्लाचं पोट भरेल आणि पोषण होणार नाही म्हणून ती कमी करा. मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं, पोळीत नसतं, आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय जातं. सासूबाईंना एकदम थांबवू नका, चमचाभर लाडाचं चालेल. शिजवलेलं हाड मात्र अजिबात नको. कोंबडीचं शिजलेलं हाड टोकदार फुटतं. एकदा बोंबलाचं डोकं समजून आणलेली "घशात अडकलंय" केस निघाली कोंबडीच्या हाडाची चकती, टाळूवर दोन्ही दाढांच्या मध्ये आडवी बसलेली. मांजर तीन दिवस तोंड मिटत नव्हतं. तसंच, मांजर एक दिवसभर काहीच खात नसेल तर वाट बघू नका, विशेषतः जाड मांजर. उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साचते आणि दाताचं दुखणं बाजूला राहून ते जिवावर बेततं.

आता पर्शियन बोका आणि भूल न देता साफ करणारा माणूस. नको. मांजर जागं असताना हत्याराने वरचं किटण खरवडता येतं, दात पांढरे दिसतात, तुमचं समाधान होतं. हिरडीच्या खाली, जिथे खरा आजार आहे, तिथे जागं मांजर हत्यार घालू देणार नाही. खरवडलेल्या दातावर बारीक चरे पडतात आणि पॉलिश केलं नाही तर त्यांत घाण आणखी पटकन बसते. वर्षभराने माझ्यासारखीकडे येतं ते पांढऱ्याशुभ्र दातांचं, आतून पोखरलेलं तोंड. जगभरातल्या छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटना वसावा (WSAVA), तिच्या दातांविषयीच्या मार्गदर्शिकेतही याला स्पष्ट विरोध आहे.

पर्शियनचा जबडा आखूड, दात मात्र तेवढेच. म्हणून ते एकमेकांवर चढतात, वाकडे येतात आणि फटींत घाण साचते. चार वर्षांच्या पर्शियनला आधी दवाखान्यात नेऊन तोंड दाखवा, मग ब्रश. सुजलेल्या हिरडीवर ब्रश फिरवलात तर त्याला दुखेल आणि तो कायमचा हातचा जाईल. साफसफाई लागली तर पूर्ण भूल लागेल. भुलीला घाबरणं मी समजू शकते, म्हणून काय विचारायचं ते सांगते. आधी रक्ताची तपासणी करणार का, मूत्रपिंडासकट? हृदय तपासणार का? पर्शियनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असतो, त्यामुळे शंका आली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा. श्वासनलिकेत नळी घालणार का? हे फार महत्त्वाचं, कारण सफाईच्या यंत्रातून पाणी उडतं आणि नळी नसेल तर ते फुप्फुसात जातं. दातांचा एक्स-रे काढणार का? हे यंत्र सगळ्या दवाखान्यांत नसतं. तुमच्या डॉक्टरांकडे नसेल तर "कुठे आहे" असं सरळ विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही. भूल असताना अंग गरम ठेवणार का, आणि घरी जाताना दुखण्याचं औषध देणार का? सफाईनंतर काही तासांतच नवा थर बसायला लागतो, तेव्हा हिरडी भरून आली की, साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी, पिल्लासारखंच पेस्ट चाटवण्यापासून सुरू करा. मोठा बोका शिकतो. वेळ जास्त घेतो, एवढंच. अजिबात ऐकला नाही तर शिक्का असलेला डेंटल खाऊ आणि वर्षातून एकदा तपासणी, यावर भागवू.

जाता जाता, तुम्ही सातव्या मजल्यावर राहता असं लिहिलंय. खिडक्यांना जाळी आहे का? उंचावरून पडलेल्या मांजराची हनुवटी आपटते, जबडा मधोमध फाटतो, टाळू चिरते, सुळे मोडतात. सुळ्याचं टोकच जरी मोडलं तरी आतली नस उघडी पडते, कारण मांजरात ती टोकाच्या अगदी जवळपर्यंत असते. असा दात "काही नाही, नुसतं टोक गेलं" म्हणून ठेवायचा नसतो.

पिल्लाचं ऑपरेशन पाच-सहा महिन्यांची झाली की करालच. त्या दिवशी डॉक्टरांना आठवणीने सांगा, भूल आहे तोवर तोंडात बघा म्हणून. दुधाचा सुळा पडलेला नसेल आणि नवा त्याच्या शेजारी उगवला असेल तर तो तेव्हाच काढता येतो, वेगळी भूल लागत नाही. आणि पेस्ट चाटवायचं काम सासूबाईंकडे द्या. पिल्लू त्यांच्याच मांडीवर झोपतं असं तुम्हीच लिहिलंय.